दान कोणते आणि वेठ कोणती?

(आंबिवली येथील बुद्धविहारात वर्षावासानिमित्त भरलेल्या सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण आमच्या वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत. — संपादक)



आपण मला कायद्याच्या एखाद्या विषयावर बोलावयास सांगितले आहे. मी मुद्दाम एक लहान दिसणारा विषय निवडला आहे. नोकरी करणाऱ्या माणसाने आपल्याच मालकासाठी 'स्वेच्छेने' जादा काम केले, तर त्या कामाचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत काय? आणि मिळाले पाहिजेत, तर ते केव्हा?

हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. तो येथे बसलेल्या बहुतेक घरांत केव्हा ना केव्हा आलेला आहे. कारखान्यात मोठे साहेब यावयाचे आहेत, तेव्हा रविवारी आवार झाडावयास या, असा निरोप येतो. दुकानात वर्षअखेरीची मोजदाद आहे म्हणून विक्रीवरच्या मुलींना रात्री दोन तास थांबवून घेतात. संस्थेच्या शाळेत संस्थापकांची जयंती असते. शिक्षक आणि शिपाई सुट्टीच्या दिवशी मांडव घालतात. घरकाम करणारी भगिनी मालकिणीच्या घरच्या लग्नात चार दिवस राबते. यांपैकी कोठेही हुकूम सोडला, असे कोणी म्हणत नाही. 'आपलेच काम आहे', 'सेवा समजा', 'ज्यांची इच्छा असेल त्यांनी नाव द्यावे', अशी गोड भाषा असते. नाव न देणाराचे पुढे काय होते, हे त्या भाषेत सांगितलेले नसते. ते सर्वांना ठाऊक असते.

या आंबिवली, मोहने, शहाड भागात ही गोष्ट अधिक जाणवते. मोहन्याचा रेयॉनचा मोठा कारखाना 2009 साली बंद पडला आणि तेथील कामगार आपल्या कष्टाच्या थकलेल्या पैशासाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. पक्की नोकरी गेलेल्या घरातला मुलगा ठेकेदाराकडे लागतो, तेव्हा फाटकावरचा पास उद्या मिळेल की नाही, या एकाच भीतीखाली तो वावरत असतो. अशा मुलाला 'इच्छा असेल तर ये' असे सांगितल्यावर त्याची इच्छा किती उरते, याचा विचार आपणच करावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. जेथे नकार देण्याची मोकळीक आहे, तेथेच दान संभवते. जेथे नकाराची किंमत मोजावी लागते आणि कामाचा लाभ मालकाच्या पदरात पडतो, तेथे ते दान नव्हे. ती वेठ होय, आणि तिचा मोबदला हे मालकाच्या शिरावरचे कर्ज होय.

वतनाचा धडा

हा भेद आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकविण्याचे कारण नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो पाठीवर वाहिलेला आहे. महार वतन म्हणजे काय होते? सरकारी निरोप पोचविणे, अंमलदाराच्या स्वारीबरोबर धावणे, साऱ्यासाठी लोकांना चावडीवर बोलावणे, वेशीची राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे, मर्तिकाची वार्ता परगावी नेणे, लाकडे फोडणे. कामाला वेळ नाही आणि कामाची यादी संपत नाही. मोबदला म्हणून थोडी वतनी जमीन आणि रयतेने दिले तर बलुते. गाव त्या बलुत्याला 'हक्क' म्हणे. परंतु तो हक्क घेण्यासाठी खळ्यावर हात पसरून उभे राहावे लागे. ज्या हक्कासाठी याचना करावी लागते, तो हक्क कसला?

परमपूज्य बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 रोजी मुंबई कायदेमंडळात या प्रश्नाला हात घातला. 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी मांडले. वतनदार महार रात्रंदिवस कामाला बांधलेला असतो, आणि तो हजर नसला तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाला जुंपले जाते, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. त्यांच्या मागण्यांचे सार दोन गोष्टींत सांगता येते. ज्याला ही चाकरी सोडावयाची असेल, त्याला जमिनीचा पूर्ण सारा भरून ती सोडता आली पाहिजे. आणि ज्याला ती करावयाची असेल, त्याचा मोबदला रयतेच्या मर्जीवर न ठेवता पैशात ठरवून साऱ्याबरोबर वसूल झाला पाहिजे. ते विधेयक 1929 साली मागे घ्यावे लागले. ही वतने कायद्याने नाहीशी झाली ती मुंबई राज्याच्या 1958 च्या कायद्याने, 1 ऑगस्ट 1959 पासून, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर जवळजवळ तीन वर्षांनी. तोवर अनेक गावी आपल्या लोकांनी गावकीची कामे आपणहून टाकून दिली होती आणि त्यापायी बहिष्कारही सोसला होता.

बंधूंनो, त्या दोन मागण्यांतच आजच्या प्रश्नाचे उत्तर आहे. 'नाही' म्हणणाराला तसे म्हणण्याचा हक्क, आणि 'होय' म्हणणाराला ठरलेला मोबदला. यांतील एक असून भागत नाही. नकाराचा हक्क नसेल तर मोबदला मालकाच्या मनाजोगा राहतो. आणि मोबदला ठरलेला नसेल तर होकाराला सेवा हे नाव देऊन तो गिळला जातो.

राज्यघटना आणि बेगार

घटनेच्या कलम 23 ने माणसांचा अपव्यापार, बेगार आणि तशाच प्रकारची सक्तीची मजुरी यांना मनाई केली आहे आणि त्या मनाईचा भंग हा गुन्हा ठरविला आहे. इंग्रजी घटनेतदेखील 'बेगार' हा शब्द जसाच्या तसा आहे. सर्वोच्च न्यायालयाला जेव्हा त्याचा अर्थ लावावा लागला, तेव्हा न्यायालयाने मोल्सवर्थचा आधार घेतला. मोल्सवर्थ म्हणजे आपल्या मराठी भाषेचा कोश करणारा. सरकारने किंवा सत्ताधारी माणसाने मोबदला न देता करवून घेतलेले काम, असा त्याचा आशय आहे. हा अर्थ त्या कोशात आला तो महाराष्ट्राच्या गावागावांतील व्यवहारातून. ज्यांनी ही वेठ सोसली, त्यांच्या जगण्यातून निघालेल्या शब्दाला अखेर देशाच्या घटनेत आणि न्यायालयात स्थान मिळाले.

तो निकाल 18 सप्टेंबर 1982 चा आहे. दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालू होती आणि मजुरांना किमान वेतनही पुरते मिळत नव्हते. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या पत्रावरून ते प्रकरण न्यायालयापुढे आले. या मजुरांवर कोणी चाबूक उगारला नव्हता; ते आपल्या पायांनी कामावर आले होते. मग सक्ती कोठे आहे? न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाचा गाभा असा की, सक्ती केवळ दंडुक्याची नसते, दारिद्र्याची आणि भुकेचीही असते. किमान वेतनाहून कमी पैशात जो राबतो, तो दुसरा मार्ग नाही म्हणूनच राबतो. सबब ते काम कलम 23 खालची सक्तीची मजुरी होय.

पुढच्याच वर्षी, 1983 साली, राजस्थानातील दुष्काळी कामांचे प्रकरण आले. हे तर दुष्काळग्रस्तांना साहाय्य आहे, तेव्हा मजुरी कमी दिली तरी चालेल, अशी सरकारची भूमिका होती. न्यायालयाने ती मानली नाही. रस्ता बांधला गेला आहे, तो समाजाच्या उपयोगी पडणार आहे. मग बांधणाराला पूर्ण किमान वेतन मिळालेच पाहिजे. कामाला 'साहाय्य' असे नाव दिल्याने श्रमांची किंमत कमी होत नाही. तद्वत 'सेवा' असे नाव दिल्यानेही ती कमी होत नाही. किमान वेतनाला एक रुपया कमी पडला तर ती बेगार, मग एक रुपयाही न देता घेतलेल्या दिवसाला काय म्हणावे?

वकील या नात्याने येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्याला महिन्याचा पगार मिळतो, त्याने एखादी संध्याकाळ जादा काम केले, तर ते प्रत्येक वेळी घटनेच्या कलम 23 खाली जाईलच असे नाही. पण तेथे वेतनाचा कायदा आहे. 1946 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले; 1948 साली त्याचा कायदा झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2019 च्या वेतन संहितेने घेतली आहे. ठरलेल्या तासांपलीकडे घेतलेल्या कामाला दुप्पट दराने वेतन, हे तत्त्व तीत कायम आहे. शिवाय, मला अमुक रक्कम नको, असे कामगाराकडून लिहून घेतले तरी ते लिखाण संहितेने रद्दबातल ठरविले आहे. म्हणून 'मी स्वखुशीने विनामोबदला काम करीत आहे' अशा कागदावर सही घेतली गेली असेल, तरी धीर सोडू नका. कायद्याने देणे लागणारे पैसे त्या सहीने बुडत नाहीत.

ओळखावे कसे?

प्रत्येक जादा काम वेठ आहे असे मी म्हणत नाही. सहकाऱ्यांबरोबर रक्तदान करणे, आपल्या वस्तीत झाडे लावणे, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लोकांना पाणी देणे, ही खरी सेवा आहे आणि ती आपण करीत आलो आहोत. मग खरे आणि खोटे ओळखावे कसे? मी पाच प्रश्न सुचवितो. ते मालकाला विचारण्याआधी स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न : या कामाचा लाभ कोणाला? गावाला, रोग्याला, रस्त्याने जाणाराला, की माझ्या मालकाच्या धंद्याला?

दुसरा : बोलावणे कोणाकडून आले? शेजाऱ्याकडून, की ज्याच्या हाती माझी हजेरी, माझी बढती आणि माझा पास आहे त्याच्याकडून?

तिसरा : मी आलो नाही तर काय होईल? जर काहीच होणार नसेल, कोणी विचारणारही नसेल, तर काम स्वेच्छेचे आहे. जर हजेरी घेतली जाणार असेल, न येणारांची यादी होणार असेल, तर ते काम कामावरचेच आहे.

चौथा : ज्या कामासाठी मला पगार मिळतो, तेच हे काम आहे काय? सफाई कामगाराला सुट्टीच्या दिवशी त्याच पालिकेसाठी झाडू हाती घ्यावयास सांगून त्याला श्रमदान म्हणणे, हा शब्दांचा खेळ आहे. इतर नागरिक झाडू घेतील ते श्रमदान. त्याचा तो रोजगार आहे.

पाचवा : मी केले नसते, तर हे काम मालकाला पैसे देऊन कोणाकडून करवून घ्यावे लागले असते काय? तसे असेल, तर वाचलेला पैसा माझ्या खिशातून गेलेला आहे.

चैत्यभूमीवर पाणी देणे ही सेवाच आहे. पण एखाद्या कंपनीने आपले नाव छापलेले सदरे घालावयास देऊन, हजेरी घेऊन, छायाचित्रे काढून आपल्याच नोकरांना तेथे उभे केले, तर तहानलेल्याला पाणी मिळाले हे खरे. पण कंपनीला जाहिरातही मिळाली. त्या दिवसाचा रोज कंपनीने द्यावा. पाणी देणाराचे पुण्य त्याने कमी होत नाही.

'मानधन' नावाचा पडदा

श्रमांची किंमत कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे नाव बदलणे. अंगणवाडीची योजना 1975 साली सुरू झाली. सेविका आणि मदतनीस यांना 'मानसेवी' ठरवून पगाराऐवजी मानधन देण्यात आले. आशा भगिनींना तर स्वयंसेविकाच म्हणतात. घरोघर फिरणे, नोंदी ठेवणे, बाळंतिणीला घेऊन रात्री-अपरात्री दवाखाना गाठणे, ही कामे त्या करतात. आपल्या कितीतरी लेकी-सुना या कामात आहेत.

25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निकाल दिला. त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच होय, असे न्यायालयाने धरले. निकाल देणाऱ्या दोघा न्यायमूर्तींपैकी एक, न्या. अभय ओक, यांनी आपली वकिली ठाण्याच्या न्यायालयात सुरू केली होती. या निकालाने सारे प्रश्न सुटले असे नाही. परंतु नावाचा पडदा बाजूला सारून कामाकडे पाहावयाचे, ही दृष्टी त्याने दिली. आपणही तीच दृष्टी ठेवली पाहिजे.

धम्माची दृष्टी

आता कोणी म्हणेल, वकील महाशय, आम्ही बौद्ध झालो. दान हे आमच्या धम्मात मोठे मानले आहे. मग तुम्ही तासातासाचे पैसे मोजावयास का शिकविता? याचे उत्तर धम्मातच आहे.

पंचशीलातील दुसरे शील आपण रोज घेतो. अदिन्नादान म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. शीलात नुसते 'चोरी' म्हटलेले नाही. 'न दिलेले' म्हटले आहे. कामगाराने जो वेळ मनापासून दिला, तो दान. त्याच्या भीतीचा फायदा घेऊन जो वेळ काढून घेतला, तो दिलेलाच नव्हता. दान हे देणाराच्या मनात उपजते, घेणाराच्या सूचनापत्रकात नव्हे.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाची कर्तव्ये सांगितली आहेत. तेथे मालकाची पाच कर्तव्ये आहेत : नोकराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, विशेष गोडधोड त्याच्याबरोबर वाटून खावे, आणि वेळेवर त्याला सुट्टी द्यावी. नोकरानेही मालकाआधी उठावे, मागाहून निजावे, काम चोख करावे, असे त्याच सुत्तात आहे. एखादा मालक यातले दुसरे वाक्य आपल्याला ऐकवील. त्याला पहिले वाक्य वाचून दाखवावे. भगवंतांनी कर्तव्ये दोन्ही बाजूंची सांगितली आहेत. एका बाजूची कर्तव्ये सांगणारी व्यवस्था आपण 14 ऑक्टोबर 1956 रोजी सोडून आलो.

आपल्याच घरात

एक गोष्ट सांगावयास जड जाते, पण सांगितली पाहिजे. आज आपल्या समाजाच्याही शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, विहारांचे विश्वस्त मंडळ आहे. म्हणजे आपणही मालक झालो आहोत. तेथील शिपाई, स्वयंपाकीण, शिक्षक यांना 'चळवळीसाठी' म्हणून सुट्टीचे दिवस फुकट राबविले जात असतील, तर चळवळीचे नाव घेतल्याने ती वेठ पवित्र होत नाही.

अमेरिकेत 1985 साली असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एक धार्मिक प्रतिष्ठान पेट्रोल पंप, कपड्यांची दुकाने असे धंदे चालवीत असे, आणि तेथे काम करणारे अनुयायी अन्नवस्त्रावर राबत. आम्ही स्वयंसेवक आहोत, आम्हांला पगार नकोच, असे खुद्द त्या अनुयायांनी न्यायालयात सांगितले. तरीही न्यायालयाने वेतनाचा कायदा लागू केला. कारण उघड आहे. कामगाराच्या तोंडून 'मला नको' असे वदवून घेणे बलवान मालकाला सोपे असते. त्या शब्दावर कायदा सुटला, तर तो दुबळ्यांच्या कामी कधीच येणार नाही. तेथील कायद्यात सरकारी संस्थांपुरता असाही नियम आहे की, नोकराने ज्या कामाचा पगार घ्यावयाचा, तेच काम त्याच संस्थेसाठी स्वयंसेवक म्हणून करावयाचे नाही.

हा नियम आपण आपल्या संस्थांना लावून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकिणीला जयंतीला जेवण रांधावयास बोलावले, तर तिला तिचा रोज द्यावा. रोज हाती पडल्यावर त्यातले काही तिने दानपेटीत टाकले, तर ते खरे दान; कारण ते न टाकण्याचीही तिला मुभा होती.

काय करावे?

शेवटी थोडे व्यवहाराचे. जादा कामाचा निरोप मोबाइलवर आला तर तो पुसू नका. तारीख, वेळ, कोणी बोलाविले, कोण कोण आले, हे एका वहीत लिहून ठेवा. पैसे मागावयाचे ते एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून आणि लेखी मागा. नवीन संहितेप्रमाणे दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. तो कामगाराला स्वतः करता येतो किंवा त्याच्या नोंदलेल्या संघटनेलाही करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, आणि देणे शाबीत झाले तर त्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देवविता येते. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करावी.

वकिलाला पैसे कोठून आणावे, अशी भीती बाळगू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमातींची माणसे, सर्व स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. धर्मांतरामुळे आपले हे संरक्षण जाईल, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत मोजले आहे.

घरकाम करणाऱ्या भगिनींना मात्र वेतनाच्या कायद्याचे असे पक्के कवच अजून नाही. महाराष्ट्राचा 2008 चा घरेलू कामगारांचा कायदा नोंदणी आणि कल्याण यांपुरता आहे. म्हणून त्यांनी कामाला लागतानाच सण, लग्न, पाहुणे यांच्या जादा कामाचे पैसे ठरवून घ्यावेत, आणि एका इमारतीत काम करणाऱ्या सर्वजणींनी एकच दर सांगावा. एकीने कमी सांगितले की सर्वजणींचा दर पडतो.

बंधु-भगिनींनो, आपल्या पूर्वजांना 'नाही' म्हणण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी ती आपल्याला मिळवून दिली. आपल्या मुलाला नोकरीच्या पहिल्या दिवशी घरातून निघताना दोन गोष्टी सांगा : काम चोख कर, आणि केलेल्या कामाचा दाम संकोच न करता माग. जो आपल्या श्रमांची किंमत जाणतो, त्याचेच दान मोलाचे असते.

जयभीम!